मुद्दाम करते ती

गादी ओली होती. कंडक्टरबाईंनी आधी हाताने चाचपून पाहिलं, मग तो हात नाकाशी नेला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "मुद्दाम करते ती! माझ्याच गादीवर! या घरात दुसऱ्या गाद्या नाहीत का?"

दुसऱ्या गाद्या होत्या. पण त्या खोलीचं दार सून कामावर जाताना ओढून घेऊन जायची, हे बाई सोयीस्कर विसरल्या होत्या. जिच्यावर आरोप होता ती पलंगाखाली बसली होती. तपकिरी रंग, आखूड पाय, एक कान उभा आणि एक पडलेला. बाईंनी झाडूचा दांडा पलंगाखाली फिरवला तशी ती आणखी आत सरकली.

कंडक्टरबाईंच्या जगात आपोआप असं काही घडतच नसे. दूध उतू गेलं तर मुद्दाम. लिफ्ट बंद पडली तर मुद्दाम. शेजारीण बघून न बघितल्यासारखं करून गेली तर मुद्दाम, आणि थांबून बोलली तर ते तर अगदीच मुद्दाम. सबंध नोकरी शहराच्या बसमध्ये गेली होती. खाकी कपडे उतरून बरीच वर्षं झाली तरी उभं राहायची पद्धत तीच होती. स्वयंपाकघरातसुद्धा बाई पाय फाकवून उभ्या राहात, जसा काही ओटाच आता ब्रेक मारणार आहे. चहा उभ्याने. फोन उभ्याने. भांडण तर अर्थात उभ्यानेच. नाव कुणी घेत नसे, सगळा जिना त्यांना कंडक्टरबाईच म्हणायचा, आणि लहान मुलं त्यांच्या समोरून जाताना आपोआप भिंतीला चिकटून एका रांगेत जायची.

ती कुत्री सुनेची. लग्न होऊन आली तेव्हा सुनेने जे सामान आणलं त्यात चालतं-फिरतं असं हे एकच. सून तिला फुगी म्हणायची. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "हिला कुणी विचारून चढवलं गाडीत?" आणि तेव्हापासून बाईंच्या तोंडी तिचं नाव विनातिकीट. "विनातिकीट, ऊठ तिथून." "विनातिकीट, सरक." फुगी दोन्ही नावांना शेपूट हलवायची. अपमान कळायला जी अक्कल लागते ती तिला नव्हती, असं बाईंचं मत.

मुलगा छापखान्यात, सून चष्म्याच्या दुकानात. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात बाई आणि विनातिकीट. संध्याकाळी दोघं आली की घरात एका वेळी एकच बाई बोलायची आणि दुसरी भांडी वाजवायची. मुलगा मधल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसायचा. असं ते बिऱ्हाड चाललं होतं.

हल्ली मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. फुगी, जी कधी घरात पाय वाकवायची नाही, ती कुठेही बसायला लागली. पायपुसण्यावर, कपाटाच्या कोपऱ्यात, सोफ्याच्या पायाशी. फार नाही, वाटीभरही नाही, पण दिवसभर. बाई पुसून पुसून थकल्या. आणि मग त्यांनी त्यांचा उपाय काढला.

उपाय साधा होता. सकाळी मुलगा-सून जिना उतरली की बाई फुगीचं पाण्याचं भांडं उचलून ओट्यावर, डब्यांच्या मागे ठेवायच्या. संध्याकाळी सून यायच्या आधी ते परत खाली. आत गेलंच नाही तर बाहेर येईल कुठून? टाकीत पाणी नाही तर नळाला कुठून असणार? हा हिशेब बाईंना कुणी शिकवला नव्हता, त्या तो स्वतःच्या अंगावर शिकल्या होत्या, आणि म्हणूनच त्यांना त्याबद्दल तिळभरही शंका नव्हती. चोरून का करायचं, तर सुनेला सांगितलं असतं तर तिने पुस्तकं काढली असती.

डबकी लहान झाली, हे खरं. पण संख्येने वाढली. आणि संध्याकाळी सून आल्याबरोबर फुगी भांड्यावर तुटून पडायची, लपक लपक करत तळ गाठायची, सून कौतुकाने म्हणायची, "बाई गं, किती तहान ही!" आणि मग रात्रीच्या जेवणाच्या आत सोफा, नाहीतर दोघांची गादी.

त्या आठवड्यात मुलाच्या नव्या गादीची पाळी आली. मुलगा तापट नव्हता, पण त्या दिवशी तो चिडला. दारात उभा राहून म्हणाला, "बस झालं. आमच्याकडे कागद येतो ना, त्या गोदामाचा मालक कधीचा राखणीला कुत्रं मागतोय. त्याला सांगतो. घेऊन जाईल."

"गोदामात?" सून म्हणाली. "साखळीला? ती? तिला एकटं पाच मिनिटं राहवत नाही."

"मग घरात मुतायचं नव्हतं."

"ती तसं करायची नाही रे कधी. काहीतरी झालंय तिला."

"काही झालं नाहीये," स्वयंपाकघरातून आवाज आला. "मी दिवसभर बघते. मुद्दाम करते ती. तोंडाकडे बघून करते."

सुनेने वळून सासूकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. "तुम्हाला ती पहिल्यापासून नकोच होती, आई."

"नव्हतीच. मी कुठे नाही म्हणते?" बाई म्हणाल्या, आणि कढईवर झाकण असं आपटलं की विषय तिथेच मिटला. सुट्टीच्या दिवशी सकाळी गोदामवाला येणार असं ठरलं. बाई त्या रात्री गाढ झोपल्या. घर परत आपलं होणार, पुसायचं फडकं वाळत पडणार, पायाशी येऊन कुणी लोळणार नाही. बाई जिंकल्या होत्या, आणि जिंकल्याचा आनंद लपवण्याची सवय त्यांना नव्हती. सकाळी उठून त्या चक्क गुणगुणल्या.

सुट्टीच्या आदल्या दुपारी बाई विनातिकीटला घेऊन खाली मागच्या अंगणात गेल्या. दया म्हणून नाही. शेवटच्या दिवशी तरी पुसायला लागू नये म्हणून.

फुगी भिंतीपाशी बसली. बसून राहिली. काही झालं नाही. उठली, चार पावलं गेली, पुन्हा बसली. पाठीची कमान झाली, मागचे पाय थरथरले. काही नाही. पुन्हा उठली. बाई पट्टा ओढणार तेवढ्यात ती तिसऱ्यांदा बसली आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. भुंकणं नव्हे, रडणंही नव्हे. दात आवळून धरल्यावर जो निघतो तसा. सिमेंटवर थेंबभर पडलं. ते पिवळं नव्हतं, गुलाबी होतं.

बाई थांबल्या. त्यांच्या ओटीपोटात, आत कुठेतरी, जुनी कळ जागी झाली. तो आवाज त्यांना ओळखीचा होता. तो त्यांनी स्वतः काढला होता, दार लावून, नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

वॉचमन भिंतीला खुर्ची टेकवून बसला होता. हसत म्हणाला, "नाटकं आहेत बाई. वर जायचं नाही तिला. मुद्दाम वेळ काढते."

आता वॉचमन बिचारा काही वाईट माणूस नव्हता, आणि हे वाक्य बाईंनी स्वतः आठवडाभर घोकलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तशी त्यांच्या डोळ्यांसमोर वॉचमनची खुर्ची राहिलीच नाही. समोर आली ती शेवटच्या थांब्यावरची कंट्रोलरची टपरी.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्या डेपोत बायका बोटावर मोजण्याइतक्या होत्या. मार्गाच्या एका टोकाला संडास होता, त्याला कडी नव्हती. दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं. पुरुषांना भिंत होती. बाई सकाळी घोटभर चहावर निघायच्या, तोंडात लवंग धरायच्या आणि "पुढे सरका, पुढे सरका" ओरडून घसा लाकूड झाला तरी पाण्याला शिवायच्या नाहीत. मग जळजळ सुरू झाली. मग ताप. डॉक्टरने गोळ्या दिल्या की आग शमेपर्यंत घ्यायच्या आणि बाकीच्या ड्रॉवरमध्ये टाकायच्या. तापात डबल बेल मारायची, तापात सुटे पैसे द्यायचे, खड्ड्यातून बस गेली की ओठ चावायचे. एकदा अगदीच सहन होईना तेव्हा बाईंनी कंट्रोलरला हळूच सांगितलं, गाडी जरा थांबवा, समोरच्या दुकानात विचारून येते. त्याने टपरीतून बाहेर डोकं काढलं आणि सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई मुद्दाम गाडी लेट काढतात!" सगळे हसले. कुणीतरी चिडवायला टिंगटिंग बेल वाजवून दाखवली. त्या दिवसापासून बाईंनी मागणं बंद केलं. आणि तो शब्द उचलून घरी आणला, तो आजतागायत वापरत होत्या.

"नाटकं?" बाई वॉचमनवर अशा कडाडल्या की तो खुर्चीसकट सरळ झाला. "तुला आग लागली ना तिथे, म्हणजे कळेल नाटक काय असतं ते! दात काढतोय! बस, गप बस!"

वर येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर डब्यांच्या मागचं भांडं काढून काठोकाठ भरलं आणि फुगीसमोर आदळलं. अर्धं पाणी फरशीवर सांडलं. "गीळ," बाई म्हणाल्या. फुगी प्यायला लागली. बाई ओट्याला धरून उभ्या होत्या. आत कुठेतरी काहीतरी टोचत होतं आणि ते त्यांना मुळीच आवडत नव्हतं.

कारण हिशेब सरळ होता. गप्प बसलं की झालं. उद्या सकाळी गोदामवाला येईल, दोरी बांधेल, नेईल. ही गोदामात साखळीला कण्हत बसेल, तिथे कोण कुणाच्या लघवीकडे बघतं? या घरात कुणाला काही कळणार नाही, भांड्याचं तर नाहीच नाही. आणि बोललं की गाडी रिव्हर्स. कुत्री राहणार, सून वरचढ होणार, आणि डॉक्टर पहिला प्रश्न पाण्याचा विचारणार. बाई डॉक्टरांना चांगल्या ओळखत होत्या.

संध्याकाळी सून आली ती न बोलता फुगीचं अंथरूण घडी करायला बसली. चेंडू, कंगवा, जुना टॉवेल, सगळं एका पिशवीत. रडत नव्हती. नाक ओढत होती आणि पिशवीला गाठ मारत होती, सोडत होती.

"कशाला बांधाबांध?" बाई दारातून म्हणाल्या. "कुठे जायचं नाही तिला. आजारी आहे ती."

सुनेचे हात थांबले. "आता हे काय नवीन?"

"लघवीतून रक्त जातंय. आग होतेय तिला. धरवत नाही म्हणून सांडते. दवाखान्यात ने."

"आई," मुलगा मधल्या खोलीतून उठून आला, "तूच म्हणालीस ना मुद्दाम करते?"

"मी म्हणते ते सगळं एरवी ऐकतोस का तू? मग हेच बरं ऐकलंस!"

सून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, संशय होता. बाईंच्या हातून फुकट काही मिळत नाही हे ती एवढ्या काळात शिकली होती. "मी आठवडाभर ओरडून सांगत होते, हिला काहीतरी झालंय. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? आणि आज एकदम पाझर फुटला?"

"पाझर-बिझर काही नाही. मला ती अजूनही नकोच आहे," बाई म्हणाल्या. "पण बरी करून द्यायची तर द्या कुणाला. अशी नाही द्यायची."

सुनेने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीण म्हणाली, सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात धरून आणा.

धरून आणा, म्हणायला सोपं. सकाळी मागच्या अंगणात जे चाललं होतं ते बघायला तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. पुढे फुगी, तिच्या मागे वाकून सून हातात बरणी घेऊन, सुनेच्या मागे बाई. फुगी बसली की सून धावायची, सून धावली की फुगी दचकून उठायची.

"लांब हो गं! बसू दे तिला! तुझ्यासमोर कुणी धावत आलं तर तुला होईल का?"

"मग तुम्ही धरा!"

"धरते. डाव आण."

"स्वयंपाकाचा?"

"नाही, सोनाराचा! आण म्हटलं ना!"

डाव आला. बाई पाय फाकवून, गुडघ्यात किंचित वाकून, फुगीच्या बाजूने चालायला लागल्या, तिच्याकडे न बघता, जशा काही त्या सहजच डाव घेऊन फिरायला निघाल्या आहेत. धावत्या बसमध्ये एका हाताने दांडी न धरता तिकीट फाडलेला हात तो. फुगी बसली, डाव खाली गेला, थेंब सांडला नाही. नेमका त्याच वेळी गोदामवाला फाटकातून आत आला, हातात दोरी. त्याने डाव पाहिला, डावातलं पाहिलं आणि जागच्या जागी उभा राहिला.

"गाडी फुल्ल आहे," बाई त्याच्याकडे वळूनसुद्धा न बघता म्हणाल्या. "दुसरी बघा."

"पण काल फोनवर..."

"सरका! वाट सोडा!"

तो सरकला. डाव बरणीत रिकामा झाला. सुनेने झाकण लावलं आणि चुकून सासूकडे बघून हसणार होती, पण वेळेवर सावरली. "हा डाव आता घरात नको," एवढंच म्हणाली.

दवाखाना म्हणजे एक खोली, पुढे बाकं. बाकावर टोपलीतलं मांजर, मांडीवर ससा घेतलेला एक म्हातारा. आतली आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये दार असं नव्हतंच, पडदा होता. डॉक्टरीण तरुण होती, बाह्या वर केलेल्या, बोलणं तुटक. तिने फुगीला पत्र्याच्या टेबलावर घ्यायला लावलं, पोट दाबून पाहिलं, फुगी कण्हली. बरणीतला थेंब काचेवर घेऊन ती बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली.

"लघवीच्या पिशवीत जंतू झालेत," ती म्हणाली. "पिशवी सुजलीय, म्हणून सारखी होते, थोडी थोडी होते आणि आग होते. माद्यांमध्ये हे जास्त दिसतं, त्यांची वाट आखूड असते. खडे आहेत का बघायला फोटो काढू. घरात करत होती का?"

"हो," मुलगा म्हणाला. "आम्हाला वाटलं मुद्दाम करते."

"मुद्दाम कुणी करत नाही. धरवत नाही तेव्हा होतं." डॉक्टरीण गोळ्या लिहायला लागली. "या सगळ्या संपवायच्या. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायच्या नाहीत."

बाई छताकडे बघत होत्या.

"आणि पाणी? पाणी किती पिते?"

"खूप पिते," सून म्हणाली. "मी संध्याकाळी आले की वाटीच्या वाटी संपवते."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "संध्याकाळी? आणि दिवसा?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खांदे उडवले. दिवसाचं त्यांना कुठे ठाऊक होतं? पडद्यापलीकडे मांजर ओरडलं. बाईंना वाटलं, अजूनही गप्प बसता येईल. पिते हो, दिवसाही पिते, एवढं म्हटलं की सुटले.

"दिवसा नाही पीत," बाई म्हणाल्या. "मी भांडं उचलून ठेवते."

आधी कुणाला कळलंच नाही. मग सुनेला कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"तुम्ही... दिवसभर? या बिचारीला? आणि मी आले की ती भांड्यावर तुटून पडायची, मी हसायचे! माझ्यासमोर उभ्या राहून बघत होतात तुम्ही! कसलं मन आहे हो तुमचं? शत्रूचं पाणी कुणी तोडत नाही!"

"ओरडू नकोस! मी काही वैर म्हणून नाही केलं! सांडत होती म्हणून केलं!"

"पाणी कमी झालं की जंतू आणखी वाढतात," डॉक्टरीण कोरडेपणाने म्हणाली. "धुऊन जात नाहीत ना."

"अहो, मी सबंध नोकरी तशीच काढली!" बाईंचा आवाज आता थेट शेवटच्या सीटपर्यंत जाणारा झाला होता. "सकाळी निघायचे ते घरी येईपर्यंत थेंब नाही! मला काय झालं? मेले का मी? चांगली धडधाकट उभी आहे! मला काय झालं, सांगा ना!"

डॉक्टरीण पुन्हा गोळ्या लिहायला लागली. ती कुत्र्यांची डॉक्टर होती. बोलला तो मुलगा. तो फुगीचं डोकं दोन्ही हातांत धरून उभा होता आणि बोलताना त्याने वर पाहिलं नाही.

"बाबा गेल्यावर मी दिवसभर शेजारच्या काकूंकडे असायचो," तो म्हणाला. "जिन्यात तुझ्या चपला वाजल्या की धावत दारात यायचो. रोज. आणि तू मला हाताने बाजूला लोटायचीस. 'सरक' म्हणायचीस आणि सरळ आत. धाडकन दार. मी बाहेर उभा. एकदा चित्र काढून आणलं होतं, ते हातात तसंच राहिलं. बाहेर आलीस की तुझं तोंड असं असायचं, की विचारायची सोय नाही. मी खूप दिवस विचार केला, मी काय केलंय म्हणून. मग ठरवून टाकलं. आईला मी नको आहे. मुद्दाम करते ती."

सून खाली बघत होती. बाईंचा आवाज आला, तो मोठाच आला, कारण हळू बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"अरे, लागलेली असायची मला!"

पडद्यापलीकडे म्हाताऱ्याने ससा घट्ट धरला.

"जोराची लागलेली असायची रे," बाई म्हणाल्या. "दार दिसायचं नाही, तू कुठला दिसणार?"

कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. फोटो काढला, खडे नव्हते. गोळ्या घेतल्या आणि सगळे घरी आले. रस्ताभर सून सासूशी एक अक्षर बोलली नाही, आणि पुढेही बरेच दिवस कामापुरतंच बोलली. तिचं बरोबर होतं. तिने घरी आल्याबरोबर फुगीचं भांडं भरून खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे मला कधीही रिकामं दिसलं तर बघा." मग स्वयंपाकघरात गेली, पाण्याने भरलेला तांब्या आणला आणि बाईंच्या समोर असा आदळला की पाणी उडालं. "आणि हाही. संध्याकाळी मी तळ बघणार आहे."

"मला धमक्या देतेस?"

"हो."

बाईंनी तांब्या उचलला. उभ्याने, पाय फाकवून, घटाघट प्यायल्या, केवळ हिच्या नाकावर टिच्चून म्हणून. विनातिकीट त्यांच्या पायाशी बसून आपलं भांडं चाटत होती. "सरक," बाई तिला म्हणाल्या, पण स्वतःच पाय जरा बाजूला घेतला.

थोड्या वेळाने व्हायचं तेच झालं. बाई लगबगीने आतल्या बाजूला निघाल्या. बोळ अरुंद, आणि बोळात नेमका मुलगा उभा, खिळ्याला पट्टा अडकवत. बाईंचा हात सवयीने वर झाला, पंजा उघडला, तोंडात शब्दही आला. मुलाने ते पाहिलं आणि अंग चोरून तो भिंतीला टेकला. चांगला बाप्या माणूस, पण टेकला तो दारातल्या मुलासारखा.

बाईंचा हात तिथेच राहिला. मग खाली आला.

"काय रे," त्या म्हणाल्या. आवाज खरखरीत होता. "दिवसभर काय केलंस?"

"आज?" मुलगा गोंधळला. "आज सुट्टी होती, आई. तुझ्याबरोबरच तर होतो."

"आजचं नाही विचारत. तेव्हाचं. काकूंकडे. काय काय करायचास, ते सांग."

"जा तू आधी. सांगतो नंतर."

"नंतर नाही. सांग आता. चित्र कसलं होतं?"

मुलाने आईकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे, आणि अडखळत सांगायला लागला. बस होती. लाल. खिडकीत सगळी माणसं आणि मागे दारात ती. बाईंनी एक पाय दुसऱ्यावर दाबून धरला होता. लागलेली होती, चांगली जोराची लागलेली होती, तरी त्या तिथे उभ्या राहिल्या. मुद्दाम.